मेबरीच्या राखणीचे वाभाडे

ड्राय फोर्क, टेक्सस
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

आदरणीय होलिस दाजी यांचे सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा, कॉयचा, टोपी छातीशी धरून आणि थोडं वाकून नमस्कार. (जास्त वाकत नाही. शुक्रवारच्या मॅचला तुम्हालाच वाकायचं आहे, तेव्हा थोडं तुमच्यासाठी शिल्लक ठेवतो.)

विनंती विशेष. इकडे सगळं ठीक आहे. कापूस निघाला, वारा थांबला नाही, आणि आमच्या सौ. नेडीनचा गुडघा रोज पावसाची खोटी भविष्यं सांगतो आहे. इमोजीन ताईला सांगा, तिने दिलेलं भेंडीचं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे, ती रिकामी परत करायची की नाही हे तिनेच ठरवावं. आता तुमच्या तब्येतीविषयी. पित्ताशयाच्या ऑपरेशनला अडीच महिने होऊन गेले. मी दवाखान्यात येणारच होतो. नेडीन येऊन गेली, तिच्या हाती मी लोणी-साखरेत भाजलेला अख्खा पेकन पाय पाठवला होता (तुम्हाला तुपकट बंद केलं आहे हे तिने मला परत आल्यावर सांगितलं, त्यात माझा दोष नाही). पण ऑगस्टात आमचा सराव सुरू होतो, आणि ऑगस्टात कोच माणूस कुठेही जात नाही हे मी तुम्हाला काय सांगावं? माझ्या लग्नाला तुम्ही शिट्टी गळ्यात घालून आला होतात आणि केक कापायच्या आत पळाला होतात. असो. ऑपरेशननंतर माणूस वाळतो असं ऐकून होतो, म्हणून मनाला थोडी टोचणी होती. पण शनिवारी तुमच्या मेबरी शाळेच्या गेल्या मॅचची फिल्म आली, तिच्यात मैदानाच्या कडेला तुमची पाठ पाहिली, आणि काळजी साफ मिटली. दाजी, तुम्ही चांगलेच भरला आहात. जाकिटाची शिवण उसवायच्या बेतात आहे. दर खेळीनंतर तुम्ही उड्या मारता तेव्हा कॅमेरासुद्धा हलल्यासारखा वाटतो. ताईला म्हणावं, ग्रेव्ही जरा आवर.

फिल्मच्या अदलाबदलीला तुम्ही स्वतः आला नाहीत हे मात्र बरं केलं नाहीत. गेली सोळा वर्षं शेवटच्या मॅचच्या आधीच्या शनिवारी, सकाळी आठला, त्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर तुम्ही तुमचा फिल्मचा डबा मला द्यायचा, मी माझा तुम्हाला, आणि दोघांनी एकमेकांच्या गाडीच्या टपावर हात ठेवून दहा मिनिटं एकमेकांची अक्कल काढायची, असा आपला रिवाज. आपल्याकडे माणूस शेजाऱ्याला शिडी देत नाही, पण आदल्या रात्री आपण कुठे कुठे माती खाल्ली ते सगळं डब्यात घालून शत्रूच्या हातात ठेवतो, हा रिवाज मला नेहमीच आवडत आला आहे. यंदा तुमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. डबा दिला, डबा घेतला, ‘थंडी आहे’ म्हणाला आणि गेला. त्याला मी तयार करून आणलेले तीन टोमणे ऐकवले. त्याने फक्त नाक पुसलं.

आता मुद्द्याला येतो. लगेच नाही, आधी योकमचं ऐका. आमचा मोठा कोच बर्ल योकम तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या मते फुटबॉल हा पोटाशी धरून धावायचा जिन्नस आहे. चेंडू एकदा हवेत गेला की तो आपला नसतो, वाऱ्याचा असतो, असं तो शाळेच्या बोर्डापुढे टोपी काढून सांगतो, आणि बोर्डावरचे पाचही शेतकरी माना डोलावतात, कारण वाऱ्याने त्यांचं काय काय नेलं ते त्यांनाच माहीत. अशा गावात मी झेलणाऱ्या पोरांचा कोच. यंदा नऊ मॅचमध्ये आम्ही एकतीस वेळा चेंडू फेकला. तेरा वेळा तो झेलला गेला. त्यातले पाच झेल समोरच्यांचे. काल योकमने मला कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसवलं आणि अगदी मायेने म्हणाला, ‘कॉय, बाबा, शुक्रवारी एक टचडाऊन हवेतून आण, चेंडू झेलून त्यांच्या रेषेपार. एकच. नाही आलं तर पुढच्या साली शिट्टी माझ्या खणात ठेव आणि पॉपकॉर्नचं यंत्र सांभाळ. तुला मीठ बरोबर पडतं.’ दाजी, ही शिट्टी तुम्ही दिलेली. मला पहिली नोकरी लागली तेव्हा स्वतःच्या गळ्यातली काढून दिलीत. त्याआधी शाळेत असताना तुम्हीच मला राखणदारांच्या रांगेतून हाकललं होतंत, सगळ्यांच्या देखत: ‘कॉय, तुझ्याच्याने कुणावर नजर राहत नाही. तू झेलायला जा.’ ते मी विसरलो नाही. शिट्टीही विसरलो नाही. दोन्हींचा हिशोब शुक्रवारी होईल. आणि गेल्या साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीची तंगडी माझ्या ताटाकडे सरकवताना तुम्ही सगळ्या गोतावळ्यापुढे जे म्हणालात (‘कॉय, जपून, हातातून सुटेल’), त्याचाही.

आणि तो हिशोब सोपा आहे, कारण मी तुमची फिल्म पाहिली. शनिवारी दुपारी बैठकीच्या खोलीत चादर टांगली, डब्याच्या झाकणावर कॉफीचा मग ठेवला आणि तुमची सँड ड्रॉ गावाच्या पोरांविरुद्धची मॅच चार वेळा पाहिली. दाजी, मी तुमचा मान राखून लिहितो, पण खरं तेच लिहितो. मला तुमची लाज वाटली. सात-सात अशी बरोबरी झाली याबद्दल तुम्ही रविवारी देवळात दोनदा गुडघे टेकायला हवे होते. तीस वर्षं राखणदार घडवणाऱ्या माणसाची पोरं ही? काळ्या जर्सीतली ती चार पोरं म्हणजे राखण नव्हे, वरात आहे. समोरचा जिकडे जाईल तिकडे हे मागून नाचत. तो बावीस नंबरचा कुणाचा हो? त्याला आईबाप असतील तर त्यांनी मॅचला येऊ नये, घरी रेडिओ ऐकावा. समोरच्याने नुसती मान डावीकडे केली की हा कमरेतून अख्खा डावीकडे वळतो, आणि मग उजवीकडे वळायला त्याला पत्र पाठवून बोलवावं लागतं. आठ नंबर तर दोनदा स्वतःच्याच पंचाला धडकला. (पंच कुणाचाच नसतो हे मला माहीत आहे, पण तो तुमच्या बाजूचे निकाल देत होता.) अहो, समोरच्याचे डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, कंबर खोटं बोलत नाही, कंबर वळेपर्यंत वळू नका, हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. मग स्वतःच्या पोरांना शिकवायचं काय राहून गेलं? की पित्ताशयाबरोबर तेही काढून टाकलं?

मला त्या फिल्मने एक उपकार केला. निदान हे तरी कळलं की तुम्ही माणसामागे माणूस लावता. ताईसाठी सोपं करून लिहितो, कारण पत्र आधी तीच फोडणार. राखण दोन तऱ्हेची, एक माणसाची आणि एक हद्दीची. पहिलीत राखणदार तुमच्या मागे लागतो, तुम्ही त्याला हुलकावणी देऊन पळायचं. दुसरीत तो जमिनीचा आपला तुकडा राखतो. तिथे पळून काही होत नाही, एकाच्या तावडीतून सुटाल आणि दुसऱ्याच्या मिठीत जाऊन पडाल. तिथे दोघांच्या हद्दींमध्ये जी सांद पडते तिच्यात जाऊन मुकाट उभं राहायचं आणि चेंडू येईल त्याची वाट पाहायची. समोर कोणती राखण आहे ते पहिल्या तीन पावलांत ओळखायचं. एवढंच शास्त्र आहे, ताई. तुझ्या नवऱ्याने आयुष्यभर त्याच्या जोरावर भाव खाल्ला.

माझी पोरं दोन. लॉनी गेदर वाऱ्यासारखा धावतो आणि वाऱ्यासारखाच झेलतो, म्हणजे हातात काही राहत नाही. वर प्रत्येक धावेच्या शेवटी कोण बघतंय ते पाहायला बाकांकडे मान वळवतो. दुसरा डब स्टॅम्पर. हा एवढा सावकाश आहे की तो उभा आहे की धावतो आहे हे ओळखायला मागच्या कुंपणाचे खांब मोजावे लागतात. पण चेंडू एकदा हाताला लागला की पोरगा तो घरी घेऊन जाईल, सोडणार नाही. दोष एकच. प्रश्न विचारतो. या दोघांना तीन वर्षं मी खडूने फळ्यावर राखण शिकवतो आहे आणि तीन वर्षं दोघं फळ्याकडे तो पुसायची वाट पाहत असल्यासारखे बघतात. म्हणून या रविवारी मी ठरवलं, फळा पुरे. प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलात सामुदायिक जेवण होतं. लांब टेबल, त्यामागे आठ बायका, प्रत्येकीपुढे तिचा पदार्थ आणि प्रत्येकीची आपली हद्द. बटाट्याच्या सॅलडवालीच्या पुढून गेलात तर वाढणार, पण घेवड्याच्या शेंगांपाशी तुम्ही काय करता याच्याशी तिला कर्तव्य नाही. ही झाली हद्दीची राखण. आणि टेबलाच्या अलीकडे, एकट्या, हातात लिंबाच्या हिरव्या जेलीचं भांडं घेऊन, व्हर्बिना ओक्स काकू. (त्या जेलीत किसलेलं गाजर असतं. का असतं ते कुणालाच माहीत नाही.) काकू माणसामागे माणूस खेळतात. एकदा गिऱ्हाईक धरलं की पार गाडीचं दार लागेपर्यंत पाठ सोडत नाहीत. मी पोरांना म्हटलं, टेबलाच्या त्या टोकाला पीच कॉब्लरचं पक्वान्न आहे, जेली ताटात पडू न देता तिथवर पोचायचं, आणि डोळ्यांत बघायचं नाही, फक्त कंबर बघायची.

तीन वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदाच ऐकलं. लॉनी काकूंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या कमरेवर नजर लावली. काकू म्हणाल्या, ‘काय रे, काय हवं?’ हा कंबर बघतोय. काकू डावीकडे सरकल्या, याची मान डावीकडे. काकू उजवीकडे, मान उजवीकडे. अख्खा हॉल खायचा थांबला. मग लॉनीने तीन पावलं पुढे टाकली, डावीकडे खांदा टाकला आणि उजवीकडे फुटला, अगदी मी शिकवल्यासारखा सुरेख. पण दाजी, व्हर्बिना काकू अडुसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांची कंबर तसूभरही हलली नाही. तुमच्या बावीस नंबराने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. लॉनी थेट भांड्यावर आदळला आणि जेली उडाली ती योकमच्या मातोश्रींच्या टोपीवर. मग काकूंना कंठ फुटला. ‘कॉय टिडवेल! पोरांना माझा घेर मोजायला पाठवतोस? देवाच्या घरात?’ मी म्हटलं, काकू, तो खेळाचा भाग आहे. त्या म्हणाल्या, ‘माझी कंबर कुणाच्या खेळाचा भाग नाही!’ शाळेच्या बोर्डाचे अध्यक्ष हे काकूंचे सख्खे भाऊ. मी भांड्यात उरलेली सगळी जेली त्यांच्यासमोर उभ्याने खाऊन माफी मागितली, गाजरासकट. योकमचं ते मायेचं बोलणं दुसऱ्याच दिवशी झालं, यावरून काय ते समजा.

या धांदलीत डब कुठे होता म्हणाल, तर घेवडा आणि बटाटा यांच्या मधोमध मुकाट उभा. इकडचीला वाटलं तिकडचीने वाढलं नसेल, तिकडचीला वाटलं इकडचीने वाढलं नसेल, दोघींनी वाढलं. मग तो हळूच पुढच्या दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिला. असं करत करत कॉब्लरपर्यंत पोचला, ताटाला शीग लागली होती आणि जेलीचा थेंब नव्हता. मी त्याला तिथेच झापलं. म्हटलं, गाढवा, हद्दीची राखण कुणी सांगितली होती? मेबरी माणसामागे माणूस खेळते! काल सरावाआधी पोरांना तुमची फिल्म दाखवली तर हाच डब हात वर करून विचारतो, ‘कोच, मेबरीची जर्सी मरून रंगाची ना? यात तर सगळं करडंच दिसतंय.’ आता काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये मरून काय मरून दिसणार आहे? तोंड वर करून विचारतो म्हणून त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. निमूट मारल्या बिचाऱ्याने. त्याची सातवी फेरी चालू असताना आम्ही सराव संपवून घरी गेलो.

तेव्हा शुक्रवारचं चित्र असं आहे. लॉनी तीन पावलं जाणार, बावीस नंबरला डावीकडे बघायला लावणार आणि उजवीकडे निघून जाणार. आणि तो बाकांकडे वळून पाहील तेव्हा तिथे तुम्ही उड्या मारत असाल. मला तुमची कीव येते, पण टचडाऊन मला हवं आहे, आणि ते मी तुमच्याकडून घेणार.

जाता जाता एक सल्ला, लहान तोंडी मोठा घास. ज्यांच्याशी तुमची बरोबरी झाली त्या सँड ड्रॉच्या पांढऱ्या जर्सीवाल्यांकडे पुन्हा एकदा बघा. राखण म्हणतात ती ती. सुरुवातीला उभे राहतात ते माणसामागे माणूस असल्यासारखे, आणि चेंडू हलला की चौघं मागे विरघळून आपापल्या हद्दीत. एकाच दोऱ्याने बांधल्यासारखे. एक पुढे आला की दुसरा न सांगता मागे. कुणी कमरेतून आधी वळत नाही. मी तीच खेळी अकरा वेळा मागेपुढे करून पाहिली, आणि खोटं का बोलू, मला हेवा वाटला. पलीकडच्या कडेला त्यांचा कोच दिसतो, लांब आहे, चेहरा कळत नाही. वाळकुडा, म्हातारासा माणूस, कोट अंगावर लोंबतो आहे, दोन्ही हात मागच्या खिशांत. ओरडत नाही, उड्या मारत नाही. पोरगं चुकलं तर त्याला जवळ बोलवून काहीतरी पुटपुटतो, आणि पोरगं पुन्हा चुकत नाही. दाजी, तो माणूस कोण आहे याची चौकशी करा आणि त्याच्या हाताखाली एक वर्ष काढा. तुम्ही पूर्वी असे होता असं मला आठवतं. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला वाटायचं, मोठं होऊन असं उभं राहता यायला हवं, हात खिशात घालून. माणूस बदलतो, काय करणार.

असो, बरंच लिहिलं. भूगोलाचा तास संपत आला आणि पोरं खंडांची अदलाबदल करत आहेत. ताईस नमस्कार, बावीस नंबरला आशीर्वाद. लोभ आहेच, तो शुक्रवारपुरता आवरून ठेवावा.

तुमचा मेहुणा आणि यंदाचा कर्दनकाळ,
कॉय

ता. क. बुधवार, सकाळ. हे पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज नाश्त्याच्या वेळी नेडीनसमोर तुमची चेष्टा करावी म्हणून पुन्हा चादर टांगली. ती बिस्किटं फोडत बसली होती. मी म्हटलं, बघ बघ, दाजी कसे उड्या मारतायत. तिने पाहिलं. म्हणाली, ‘हे दाजी नाहीत.’ मी म्हटलं, पाठ बघ ना. ती म्हणाली, ‘कॉय, डोळे कुठे ठेवलेस? दाजी ते पलीकडे. मागच्या खिशात हात घातलेले.’ मी म्हटलं, तो सँड ड्रॉचा म्हातारा आहे. ती उठली, डब्यावरचा मग उचलला आणि झाकणावरची पट्टी मला वाचायला दिली. कॉफीच्या गोल डागाखाली इमोजीन ताईच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं आहे: ‘मॅच सँड ड्रॉच्या मैदानावर.’ म्हणजे यजमान म्हणून गडद जर्सी त्यांची. पाहुणे म्हणून पांढरी तुमची. मी एकोणीस वर्षं या शाळेत भूगोल शिकवतो आहे.

ता. क. २. तेव्हा बावीस नंबर, आठ नंबर, वरात आणि जाकिटाची शिवण हे सगळं मागे घेतो. पांढऱ्यांविषयी लिहिलं ते मागे घेत नाही. तुम्हाला तोंडावर हे मी कधीच बोललो नसतो, आणि हे पत्र फाडून नवं लिहायला बसलो तर त्यात ते येणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून हेच पाठवतो. दाजी, तुम्ही इतके वाळलात? नेडीनने ओळखलं कारण ती येऊन बसली होती तुमच्या उशाशी. मी पाय पाठवला होता. चार अधिक अकरा, पंधरा वेळा मी तुम्हाला त्या चादरीवर पाहिलं आणि मला वाटलं कुणी परका माणूस आहे, याची मला फार लाज वाटते. कुणावर नजर राहत नाही म्हणून तुम्ही मला रांगेतून काढलंत ते बरोबरच केलंत.

ता. क. ३. आता खरी विनंती, ज्यासाठी हे पत्र लिहिलं नव्हतं, पण आता त्यासाठीच पाठवतो आहे. तुमच्या त्या हद्दीच्या राखणीत सांद कुठे पडते हे विचारत नाही. एक कोच दुसऱ्याला ते विचारत नाही, आणि विचारलं तरी तुम्ही खोटंच सांगाल. (आणि ती डबला सापडेल. ज्याने आठ बायकांमधून कॉब्लर आणला त्याला चार पोरं काय अडवणार? आज सकाळी शाळा भरायच्या आत मी त्याच्यासमोर मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. सातवीनंतर चाललो. तो कुंपणापाशी उभा राहून मोजत होता. शेवटी म्हणाला, ‘कोच, मग आता मी मध्ये उभा राहू ना?’ म्हटलं, राहा बाबा, तूच राहा.) विनंती एवढीच की रविवारी मी तुमच्याकडे येईन, तेव्हा घरी असा. शुक्रवारी टचडाऊन आलं नाही तर शिट्टी योकमच्या खणात जाणार नाही, ती मी रविवारी तुमच्या हातात देईन. टचडाऊन आलं तरी येईन, शिट्टी गळ्यात घालून. ऑगस्टातच यायला हवं होतं. पाय आणणार नाही. भेंडीची बरणी आणतो.

ता. क. ४. नेडीन आज दुपारी गोधड्या शिवायला ताईकडे येते आहे, तिच्याच हाती हे देतो. ती आत्ता लिफाफा मागायला आली, सात पानं बघून म्हणाली, ‘एवढं काय लिहिलंयस दाजींना?’ मी म्हटलं, दाजींना जेमतेम दीड पान आहे. बाकीची साडेपाच पानं सँड ड्रॉच्या कोचला उद्देशून आहेत. तुम्हाला त्याचा पत्ता ठाऊक असेल तर कृपया तेवढी पुढे पाठवावीत.